दाराचं रबर

आमच्या गाडी धुण्याच्या दुकानात थोरल्या दिरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नवरा मेकॅनिक, दिवसभर गाडीखाली आडवा. त्याला काही विचारलं की खालून "दादाला विचार" एवढंच ऐकू येतं.

गाडीच्या दारांच्या रबराला भाऊजी एक तेलकट फवारा मारायचे. रबर चकाकायचं, गिऱ्हाईक खूश. काही महिन्यांनी तेच गिऱ्हाईक "दारातून पाणी आत येतं हो" म्हणत परत यायचं. भाऊजींचं उत्तर ठरलेलं, "गाडी जुनी झाली."

मला ते पटेना. जुन्या रबराचे तुकडे कापून मी काचेच्या बरण्यांत ठेवले, एकेका बरणीत दुकानातला एकेक माल. पंधरा दिवसांत तेलकट मालातला तुकडा टम्म फुगला. बिनतेलाच्या, पाणीदार सिलिकॉनमधला होता तसाच राहिला. बरण्या दाखवल्या तर भाऊजी हसले.

"बरणीतली गाडी कोण चालवतं? आणि तुझं ते चमकत पण नाही. लोक पैसे कशाचे देतील?"

असा संताप आला, की त्या दिवशी मी एका गाडीचा टप दोनदा घासला.

त्याच आठवड्यात टॅक्सीवाल्या बाई आल्या. पंचवीस गाड्यांच्या मालकीण, आणि तोंडाने फटकळ. आमची जुंपलेली ऐकून म्हणाल्या, "भांडताय कशाला? दोन गाड्या देते. एक त्यांची, एक हिची. तीन महिन्यांनी पाणी मारून बघेन. जिचं दार कोरडं, त्या मालाने बाकीच्या करा. दोन्ही गळल्या तर दुसरं दुकान आहेच."

"हरलीस तर माल घेण्यात तोंड घालायचं नाही. कधीच," भाऊजींनी मला बजावलं.

"चालेल," मी म्हणाले.

तीन महिने मी दर आठवड्याला रबर साबणाच्या पाण्याने पुसलं, सुकवलं, मग स्पंजने सिलिकॉनचा पातळ हात दिला. माझी गाडी मंद काळी दिसायची. भाऊजींची नव्या नवरीसारखी.

ठरल्या दिवशी बाईंनी दोन्ही गाड्यांत सीटवर वर्तमानपत्र पसरलं, दारं लावली आणि पाइप स्वतःच्या हातात घेतला. दहा मिनिटं पाणी मारलं.

भाऊजींच्या गाडीचं दार उघडलं, तर फुगलेलं रबर खाचेतून निघून बाईंच्या हातातच आलं. आत कागदाचा लगदा. मग माझी गाडी. बाईंनी वर्तमानपत्र उचललं, झटकलं आणि पहिल्या पानावरची बातमी मोठ्याने वाचून दाखवली. मी चक्क टाळ्या वाजवल्या. स्वतःसाठीच! नवरा गाडीखालून डोक्यासकट बाहेर आला.

भाऊजी मात्र ते निघालेलं रबर बोटांनी दाबत कितीतरी वेळ उभे राहिले. "म्हणजे इतकी वर्षं गाड्या जुन्या नव्हत्या," एवढंच म्हणाले. मला त्यांची दया आली, पण आनंद कणभरही कमी झाला नाही.

सोमवारी माल विकणारा माणूस आला. नेहमीप्रमाणे तडक भाऊजींच्या टेबलाकडे गेला आणि नवी बाटली पुढे केली. "साहेब, याची चमक बघा!"

भाऊजींनी मान वर केली नाही. "मला काय दाखवतोस? तिला विचार. रबराचं तिला कळतं."

मी हात पुसले, बाटली घेतली आणि त्याला उभंच ठेवून मागचं बारीक अक्षर पहिल्यापासून वाचायला लागले.