किती वाजता दुखतं?

सिस्टरना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण त्यांची सवय काही निवृत्त होईना. कुणी "डोकं दुखतंय" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "किती वाजता? तेव्हा काय करत होतात?" अहो, माणूस दुखणारं डोकं धरील की घड्याळ बघील! पण तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई ती. वेळ लिहिल्याशिवाय तिला दुखणं खरंच वाटायचं नाही.

समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला, त्याच्या विरोधात कमिटी झाली आणि तक्रारींची वही आपसूक सिस्टरकडे आली. कमिटीचे प्रमुख चित्रकलेचे मास्तर. "नुसतं नाव आणि तक्रार लिहा," ते म्हणाले. सिस्टरनी मान डोलावली आणि घरी जाऊन पानावर पाच रकाने आखले: घर, तक्रार, कधीपासून, किती वाजता, काय करताना. कोण ऐकतंय मास्तरांचं!

दोन महिन्यांत एक्केचाळीस नोंदी झाल्या. कुणाचं डोकं ठणकायचं, कुणाला मळमळायचं, कुणाला गरगरायचं. एक्केचाळिसावी नोंद सिस्टरच्या सुनेची होती. तिला सहावा महिना लागलेला, आणि सकाळी उठून आवरेपर्यंत पोरीचा चेहरा पांढराफटक पडायचा. टॉवर हलला नाही तर सुनेला माहेरी पाठवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. सोमवारी सुनावणी होती आणि तिथे बोलायचं होतं सिस्टरनीच.

रविवारी सकाळी त्या नोंदी सुवाच्य अक्षरात उतरवायला बसल्या. दहाव्या ओळीला पेन थांबलं. साडेसात. पावणेआठ. सात. सव्वाआठ. त्यांनी सगळी वही उलटून पाहिली. दुपारची एक नोंद नाही, संध्याकाळची दोनच. दिवसभर बिनबोभाट चालणारा टॉवर सकाळीच कसा चेकाळतो? आणि नोकरीला बाहेर पडलेल्या माणसांचं डोकं तासाभरात उतरतं कसं?

आता सिस्टरना राहवेना. एकदा शंका आली की ती फेडल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. त्या उठल्या आणि थेट चौथ्या मजल्यावर गेल्या. तिथे पोहायला शिकवणारे काका एकटे राहत. टॉवर त्यांच्या खिडकीच्या अगदी नाकासमोर, तरी तक्रारीवर सही न करणारे सबंध इमारतीत ते एकटेच. मास्तरांनी तर त्यांना कंपनीचा माणूस ठरवून मोकळं केलं होतं.

"पुन्हा सही मागायला आलात?" काकांनी दारातच विचारलं. "मला काही होत नाही, तर खोटं कसं लिहू?"

"सही राहू दे हो. सकाळी सात ते नऊ तुम्ही काय करता तेवढं सांगा."

काका हसायला लागले. "मी घरी असतोच कुठे? पाचला तलावावर जातो. पोहणं, आंघोळ, सगळं तिकडेच. घरातला गिझर वर्षभरात लावलेला नाही."

"गिझर," सिस्टर पुटपुटल्या आणि तशाच मागे वळल्या. इमारतीत घरोघरी गॅसचे गिझर होते. सगळ्या बाथरूमच्या खिडक्या नेमक्या टॉवरच्या बाजूला. आणि त्या खिडक्या...

पुढचं त्यांना जिन्यातच आठवलं. गुडघेदुखी विसरून त्या दोन-दोन पायऱ्या उतरल्या. घरात बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता.

"अगं, दार उघड!"

"आई... चक्कर येतेय," आतून क्षीण आवाज आला.

"बसूनच कडी काढ, बाळा. उठू नकोस."

कडी निघाली. सिस्टरनी आधी गिझर बंद केला, मग सुनेला काखेत धरून बाहेर ओढलं आणि उघड्या गॅलरीत बसवलं. परत आत जाऊन खिडकीच्या झडपांवरचं फॉइल त्यांनी नखांनी टराटरा फाडलं.

दुपारी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बाळ सुखरूप आहे, पण थोडक्यात निभावलं. सिस्टरना रडूच कोसळलं. घरी येऊन त्यांनी पुन्हा वही उघडली. टॉवर सुरू झाला चार तारखेला. पहिली तक्रार वीस तारखेची. आणि एकोणीसला कमिटीच्या बैठकीत त्याच उठून म्हणाल्या होत्या, "टॉवरच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या, फॉइल चिकटवा. करून तोटा काय?" सिस्टर म्हणतात म्हटल्यावर लोकांनी डोळे झाकून ऐकलं होतं. गिझरचा विषारी वायू बाहेर जायची वाट त्यांनीच बंद करून ठेवली होती!

हे ऐकून मास्तर तर हवालदिलच झाले. "सिस्टर, दोन महिन्यांच्या कष्टांवर पाणी पडेल हो! उद्याची सुनावणी होऊ द्या, मग काय ते सांगा."

"उद्या सकाळी घरोघरी गिझर लागणार आहेत, मास्तर. रंग खरवडायची तुमची पट्टी आणा आधी."

संध्याकाळपर्यंत दोघांनी दारोदार फिरून सगळं फॉइल उतरवलं. मास्तर चरफडत होते, पण पट्टी त्यांनी हातातून सोडली नाही. प्रत्येक दारात सिस्टर एकच वाक्य बोलल्या, "चूक माझी होती." पहिल्या दारात ते तोंडातून निघेना. शेवटच्या दारातही सोपं झालं नव्हतं.

सोमवारी सुनावणीच्या साहेबांनी वही चाळली. "म्हणजे टॉवरबद्दल तुमची तक्रार नाही तर?"

"आहे ना! आम्हाला न विचारता उभा केला, ही तक्रार आहे. त्यातून काय बाहेर पडतं ते आमच्यासमोर मोजून दाखवा, ही मागणी आहे. त्याने अपाय होतो की नाही, मला माहीत नाही. मला ते जाणून घ्यायचंय. पण या एक्केचाळीस डोकेदुख्या त्याच्या नावावर नकोत. त्या माझ्या नावावर लिहा."

साहेबांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. एवढ्यात मागच्या बाकावरून पोहायला शिकवणारे काका उठले आणि टेबलापाशी आले.

"मोजणीचा अर्ज कुठाय?" त्यांनी सिस्टरकडे हात पुढे केला. "पेन द्या. आता करतो सही."