कळकलेलं पनीर

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यात मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. आज मी तुम्हाला माझी थोरवी सांगणार नाही. माझ्या पोटात जे घडलं आणि ज्याची शिक्षा दुसऱ्याच माणसाने भोगली, ते सांगणार आहे.

भंडाऱ्याच्या एका कारागिराने मला ठोकून घडवलं. १९७४ साली शकुनबाईंच्या वडिलांनी मला लेकीच्या लग्नात आंदण दिलं. ते लाखनीला हमरस्त्यावरच्या ढाब्यावर स्वयंपाकी होते. ट्रकवाल्यांसाठी पनीर करायचे आणि लेकीलाही त्यांनी ते शिकवलं होतं.

शकुनबाईंच्या सासरच्या खेड्यात मात्र पनीर कुणी पाहिलंही नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी उकळत्या दुधात लिंबू पिळलं, तेव्हा सासूबाई, म्हणजे जानकीबाई, चुलीपाशी धावतच आल्या.

"चांगलं दूध कायले नासवून राहिली?"

"थोडं थांबा न आई. पाहा तर खरं."

दूध फाटलं, पाणी वेगळं झालं. शकुनबाईंनी धोतराच्या धुतलेल्या फडक्यात ते गाळलं, पुरचुंडी खुंटीला टांगली आणि मग पाट्याखाली दाबून ठेवली. दुपारी त्याच्या वड्या कापून, तव्यावर परतून, मटाराच्या रश्श्यात सोडल्या. जानकीबाईंनी दोनदा वाढून घेतलं.  त्यानंतर घरी पाहुणा आला की पनीर होऊ लागलं, तेही माझ्यातच. मला त्याचा भारी अभिमान वाटे.

आता माझी खोड सांगतो. पितळेला आंबट सोसत नाही. आतून कथलाचा पांढरा मुलामा, म्हणजे कल्हई, असेल तोवर ठीक. ती झिजली की आंबट पदार्थ कळकतो, त्यात विष उतरतं. १९७७ च्या हिवाळ्यात माझी कल्हई पार गेली होती. कल्हईवाला टिकाराम दारात आला, तेव्हा धान चुरायचे, म्हणजे मळणीचे, दिवस होते. जानकीबाई घाईत होत्या.

"आता सवड नाही. पुढच्या खेपेले ये," असं म्हणून त्यांनी त्याला परतवून लावलं.

पंधरा दिवसांनी त्यांची लेक मंगला हिला पाहायला पाहुणे आले. शकुनबाईंनी सकाळीच पनीर केलं आणि टमाटर घालून रस्साही माझ्यातच रटरटू दिला. दुपारपर्यंत तो माझ्यातच राहिला. चव घेताना त्या जरा थबकल्या. लिंबू जास्त झालं असेल, असं समजून त्यांनी चिमूटभर गूळ टाकला.

पाहुणे जेवले आणि तासाभरात एकेक जण ओसरीवरून अंगणात धावला. पोरीच्या होणाऱ्या सासऱ्याला ओकाऱ्या थांबेनात. डॉक्टर आला, सगळे वाचले, पण सोयरीक मोडली. "ज्या घरी नासलेलं दूध खाऊ घालतात, तिथली पोरगी नको," असा निरोप आला.

"दूध ताजं होतं," शकुनबाई सांगत राहिल्या. कुणी ऐकलं नाही. मंगला तर वहिनीशी बोलेनाशी झाली. मी चुलीशेजारी पालथा पडून सगळं ऐकत होतो.

महिनाभराने टिकाराम पुन्हा आला. शकुनबाई विहिरीवर गेल्या होत्या. त्याने माझ्या आत बोट फिरवलं आणि तो म्हणाला, "माय, यात आंबट करत जाऊ नका. माणूस मरंल."

जानकीबाईंचा चेहरा उतरला. "कोणाले सांगू नको," एवढंच त्या म्हणाल्या. त्याने मला लख्ख करून दिलं. जानकीबाईंनी मला उचलून माळ्यावर ठेवलं, जिथे त्यांची नजर जाणार नाही. असे आम्ही दोन गुन्हेगार दोन वर्षं गप्प राहिलो.

१९७९ च्या अखेरीस मंगलाचं लग्न सानगडीला ठरलं. सामान काढताना मीही खाली आलो. घरात बायका जमल्या होत्या. शकुनबाई दुधाची कासंडी उचलायला गेल्या, तशी एक शेजारीण म्हणाली, "तू राहू दे. दुधाले तू हात नको लावू."

शकुनबाईंनी हात मागे घेतला. त्यांना आता सवयच झाली होती.

"तिले कायले म्हणता?" जानकीबाई उभ्या राहिल्या.  "दूध चांगलं होतं. या गंजाची कल्हई गेली होती अन् कल्हईवाल्याले मीच परत लावलं होतं. मले दोन वर्षांपासून ठाऊक आहे."

 मंगलाने मान खाली घातली.

शकुनबाई सासूकडे वळल्या. "मी रोज विचार करत होती, आई," त्या हळूच म्हणाल्या, "का माझं चुकलं कुठं. दोन वर्षं."

 जानकीबाईंनी पदर तोंडाला लावला. शकुनबाई त्यांच्याजवळ गेल्या नाहीत आणि त्या दिवशी त्यांनी पनीरही केलं नाही. केलं ते पुढच्या उन्हाळ्यात, नव्या स्टीलच्या पातेल्यात. पहिली वाटी मात्र त्यांनी सासूबाईंनाच दिली.

मित्रांनो, आता मी फक्त पाणी तापवतो. माझी तक्रार नाही. तुमच्या घरी पितळेची भांडी असतील तर त्यांना आतून पाहत जा, कल्हई वेळेवर करून घ्या. आणि एखाद्यावर खोटा आळ आलेला तुम्हाला ठाऊक असेल, तर लगेच बोला. मला केवढं मोठं तोंड आहे, पण जीभ नाही. तुम्हाला ती आहे.