लाल ठिपक्याची जोडी

"तपन, ह्याचे पाय का रे नाही कापलेले?" बाणीमाशीनं चिमट्यातला ट्रान्झिस्टर तपनच्या नाकासमोर धरला.

बोर्डावर सोल्डरचे डाग देणाऱ्या तपनची मान खालीच. "मला काय विचारता, माशी? पल्लवदादांना विचारा."

कोलकात्याच्या चांदनी बाजारातल्या ह्या अ‍ॅम्प्लिफायरच्या कारखान्यात सगळ्यांची ही माशी, म्हणजे बंगालीतली मावशी, सव्वीस वर्षं जोड्या लावत होती. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी दोन ट्रान्झिस्टर शेजारी बसतात. एक आत येणारा आवाज बघतो, दुसरा बाहेर जाणारा. दोघांत तसूभर फरक असला, की मागचे सगळे भाग तोच फरक फुगवतात आणि स्पीकर जळतो. म्हणून अगदी सारखे दोन हुडकून पुडीत बांधायचे. बोटाच्या उबेनंसुद्धा माप बदलतं, म्हणून चिमटा.

दर विश्वकर्मापूजेला, हत्यारं पुजायच्या दिवशी, उत्तमातल्या उत्तम जोडीला ती नेलपॉलिशचा लाल ठिपका लावी. परवाच लावलेला तो ठिपका आज निवडायच्या डब्यात निघाला. दुरुस्तीतून परत आला म्हणावं, तर बोर्डावर बसवताना पाय कापतात. ह्याचे तिन्ही लांबच्या लांब, कोरे करकरीत.

माशीनं डबा उपडा केला. बाई गं! जोडीदारही त्यातच!

मालक पल्लव धावत आला. "रागावू नका, माशी. चार वर्षं झाली, आता अख्खी जोडी एकाच चिपमध्ये तयार मिळते. बाबा जाताना म्हणाले होते, बाणीला कामावरून उठवायचं नाही."

"म्हणून माझ्या पुड्या सोडून परत डब्यात?"

"ठिपक्याची जोडी दरवर्षी बाजूला काढायचो. यंदा विसरलो."

"चार वर्षं! अरे मेल्या, निवडलेल्या तांदळात रोज खडे कालवत होतास? माल अडेल म्हणून नातीच्या उष्टावणाला गेले नाही मी!"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट? लाज वाटतेय मला, लाज!"

ती स्टुलावर बसली. चिमटा तिनं बाजूला ठेवला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच जोडी उघड्या बोटांत धरली. मग तपनचा कटर घेतला आणि एकेक करत सहाही पाय कापले, बोर्डावर बसवताना कापतात तेवढेच.

"घे," ती पल्लवला म्हणाली. "आता टाक डब्यात."