परक्या छातीवर

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, छातीचा. काळ्या लवचिक कापडाचा, आतून रबराच्या दोन पट्ट्या लावलेला, आणि मध्ये बटणासारखी एक छोटी डबी असलेला. त्या डबीत नाण्याएवढी बॅटरी असते. मला छातीवर बांधले की मी आतले ठोके मोजतो आणि आकडा फोनला कळवतो. एवढेच माझे काम. मला हसता येत नाही, रडता येत नाही आणि खोटे तर मुळीच बोलता येत नाही. तरीही मित्रांनो, एकदा माझ्याच आधाराने एका बाईची मोठी फसवणूक झाली. ती गोष्ट मनात ठेवून ठेवून मी थकलो आहे, म्हणून आज सांगतो.

माझ्या जन्माचे मला फारसे आठवत नाही. एक यंत्र मला सारखे ताणून सोडत होते, तेवढे आठवते. मग खोके, अंधार, लांबचा प्रवास आणि एकदम उजेड. पार दक्षिणेकडच्या गिप्सलँड प्रांतातल्या एका दूधवाल्या गावात कोरल हॅलिननने मला नवऱ्याच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला भेट दिले. नवरा म्हणजे मर्व्ह. तो दुधाचा टँकर चालवायचा. आठवडाभर गाडीत बसून पाठ आखडली, की ती मोकळी करायला तो चिखलदौडीत धावायचा. बारा किलोमीटर अंतर आणि वाटेत बावीस अडथळे. भिंती, दोरखंड, काटेरी तारांखालून सरपटणे, बर्फाच्या पाण्याचे टाके. एखादा अडथळा जमला नाही तर तीस वेळा जमिनीवर आडवे होऊन उठून उडी मारायची. शर्यत गाईंच्या कुरणात असे, आणि त्या चिखलात माती किती नि शेण किती हे कुणी विचारत नसे.

मला कोरडे बांधले तर मला काही ऐकू येत नाही. म्हणून मर्व्ह मला सरळ जिभेने ओले करी. घरात नळ आहे, असे कोरल दर वेळी सांगे आणि तो दर वेळी विसरे. दोरावर चढताना त्याचे ठोके एकशे सत्तरच्या पुढे जात आणि खाली उतरल्यावर दोन मिनिटांत शहाण्यासारखे खाली येत. ते आकडे तो बारमध्ये चारचौघांना दाखवत फिरे. मला फार अभिमान वाटे. घरी आल्यावर कोरल मला कोमट पाण्यात धुई आणि त्याच्या मोज्यांशेजारी दोरीवर वाळत घाली. चार वर्षे मी अशी सुखात काढली. त्या माणसाचे हृदय मला रोजच्या वाटेसारखे पाठ झाले होते.

मग एका सकाळी टँकरमध्येच मर्व्हच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी हृदयाची एक बंद झालेली नळी उघडली आणि धावणे बंद केले. मी खणात गेलो. तिथे संपलेल्या बॅटऱ्या होत्या, रबरबँड होते आणि कुठल्या कुलपांच्या ते कुणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या होत्या. दोन वर्षांत कुणी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिले नाही.

शर्यतीचे दहावे वर्ष आले तेव्हा खण उघडला. मर्व्हच्या जुन्या टोळीने त्याला गळ घातली होती. कोरलने आधी साफ नाही म्हटले, मग डॉक्टरांना विचारले आणि शेवटी अट घातली. मर्व्हने चालायचे, भिंतींना हात लावायचा नाही आणि आकडा एकशे तीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. मुलीने फोनमध्ये काहीतरी जोडून दिले, त्यामुळे माझा आकडा मर्व्हच्या फोनवरून थेट कोरलच्या फोनवर दिसू लागला. ती अर्ध्या वाटेवर पाणी वाटायला उभी राहणार होती. मर्व्ह सगळ्याला लगेच हो म्हणाला. तो इतक्या लवकर कधीच हो म्हणत नसे. कोरलला तेव्हाच शंका यायला हवी होती.

शर्यतीच्या सकाळी मर्व्हने मला आणि फोनला खिशात घातले आणि मोटारींच्या रांगेमागे क्लाइव्ह पॉटेंजरला गाठले. क्लाइव्ह गावातला खाटीक. मर्व्हचा शाळेपासूनचा दोस्त, मनाने लोणी आणि पोटाने पिंप. दरवर्षी तो शर्यतीत सॉसेज भाजायचा, धावायचा कधीच नाही.

"तू फक्त कुंपणाच्या कडेने रमतगमत फिर," मर्व्ह त्याला म्हणाला. "तिला शंभर-एकशे दहा दिसलं की झालं."

"आणि मी बसलो तर?"

"बसलास तर आकडा साठावर येईल आणि तिला वाटेल, नवरा आटोपला."

"भिंत नाही चढलास तर काय बिघडतं रे तुझं?"

मर्व्ह म्हणाला, "दोन वर्षं सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, क्लाइव्ह. एकदा त्या भिंतीवर बसू दे मला."

क्लाइव्हने शर्ट वर केला. मला शेवटच्या टोकापर्यंत सैल करावे लागले. मर्व्ह सवयीने मला जीभ लावायला निघाला तेव्हा क्लाइव्हने त्याला थांबवले आणि पाण्याची बाटली पुढे केली. निघताना मर्व्हने आपला फोन त्याच्या हाती दिला आणि एकच बजावले, की कोरलचा फोन आला तर उचलायचा नाही, आवाजावरून ती ओळखेल.

मित्रांनो, परक्या छातीवर मला पहिल्याच मिनिटात चुकल्यासारखे वाटले. हे हृदय चालता चालता मध्येच एक ठोका गिळायचे, मग दोन घाईघाईने टाकायचे. पण मी पडलो मोजणारा. फोनवर आकडा नीट दिसत होता, एकशे चार, एकशे आठ. तिकडे पाण्याच्या टेबलाशी कोरल समाधानाने पेले भरत होती.

अर्ध्या तासाने, कुठलाही चढ नसताना, आकडा एकशे पन्नासवर गेला. क्लाइव्ह थांबला. आमच्याकडे जुलैत हिवाळा असतो; त्या थंडीत लोकांच्या तोंडातून वाफ निघत होती आणि याच्या कपाळावर घाम होता. तो सॉसेजच्या तंबूमागे गेला आणि दुधाच्या रिकाम्या क्रेटवर बसला. एकशे एकाहत्तर. एकदम अठ्ठ्याण्णव. पुन्हा एकशे अठ्ठ्याहत्तर. सकाळी खाल्लेले मटण बाधले, असे तो स्वतःशीच पुटपुटला.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर कोरलचे नाव होते. क्लाइव्हने ते पाहिले आणि फोन मांडीवर पालथा घातला. तो पुन्हा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. मी त्याच्या छातीला घट्ट बिलगून होतो आणि मला एक शब्दही बोलता येत नव्हता. त्या दिवसाइतकी माझी मला कीव कधी आली नाही. आपण नुसता आकडा आहोत आणि तो आकडासुद्धा चुकीच्या नावाने जातो आहे, याचे दुःख काय सांगू?

पुढचे मी पाहिले नाही, पण गावात ते इतक्या वेळा सांगितले गेले आहे की मला पाठ आहे. कोरलने हातातला जग तसाच टाकला आणि पायातल्या गमबुटांनिशीच ती चढावरून धावत सुटली. वाटेत पडलेला एखादा माणूस दिसेल म्हणून ती दोन्ही बाजूंना पाहत होती. माणूस दिसला नाही. दिसली ती आठ फुटी भिंत, आणि भिंतीवर घोड्यावर बसावा तसा बसलेला, डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेला, हसणारा मर्व्ह. तो खालच्या एका मुलीला हात देऊन वर ओढत होता.

बायकोला पाहताच त्याचे हसू मावळले. तो खाली उतरला आणि ही एकच भिंत, फक्त हीच, असे काहीतरी बोलू लागला. कोरलने त्याच्या छातीवर तळहात ठेवला. आत ठोके दमदार आणि एकसारखे पडत होते. चिखलाखाली पट्टा नव्हता. तिने फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

"मर्व्ह," ती म्हणाली, "हे एकशे अठ्ठ्याहत्तर कुणाचे आहेत?"

सांगणारे सांगतात, की मर्व्हचा चेहरा चिखलाखालीही पांढरा पडलेला दिसला.

त्याने क्लाइव्हचे नाव घेतले आणि शोधाशोध सुरू झाली. प्रथमोपचाराची माणसे पोचली तेव्हा क्लाइव्ह क्रेटवरून घसरून गवतावर पडला होता. रुग्णवाहिकेत कुणीतरी मला सोडवले आणि कोरलने मला ओल्या कोटाच्या खिशात टाकले. क्लाइव्हच्या हृदयाची लय कधीपासून बिघडलेली होती, हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हते. आणखी तासभर तिथेच बसला असता तर हातातून गेला असता, असे डॉक्टर म्हणाले. तो वाचला.

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात मर्व्ह हळूच म्हणाला, "पट्टा माझ्या अंगावर असता तर त्याचं कळलंच नसतं, कोरल."

"नसतं कळलं."

"मग..."

"मग काही नाही. तो वाचला हे आपलं नशीब. तू खोटं बोललास हे तुझं काम. दोन्ही एका पिशवीत भरू नकोस." तिचा हात खिशात होता आणि तिने मला मुठीत आवळून धरले होते. "त्या चढावर धावताना मी तुला एकदा पुरून आले, मर्व्ह. परत नाही जमणार मला."

तेव्हा मर्व्ह रडला. भिंतीवरून उतरलेला एवढा मोठा माणूस, चिखलाच्या कपड्यांत, खुर्चीच्या कडेवर बसून रडला. कोरलने त्याचे डोके जवळ घेतले. रागही तिचाच आणि मायाही तिचीच.

आता मी क्लाइव्हकडे असतो. त्याच्या दुकानात गल्ल्यामागच्या खिळ्यावर माझी जागा आहे. माझे कापड सैल झाले आहे, एका पट्टीला भेग आहे, आणि क्लाइव्ह मला धुवायला नेहमी विसरतो. दर शनिवारी कोरल मटण घ्यायला येते, ती आधी मला हुंगून पाहते आणि क्लाइव्हला चार शब्द सुनावते. तेवढ्यासाठी मी शनिवारची वाट पाहतो.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगतो. मला कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, बॅटरी वेळेवर बदला. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. ज्याचे ठोके कळवायचे, त्याच्याच छातीवर मला बांधा. कुणीतरी दूर उभे राहून तो आकडा जिवापाड जपत असते, आणि त्या माणसाचा फोन आला तर तो उचला.

यंदा शर्यत झाली. मर्व्हला नवा पट्टा मिळाला आहे. तो चालत भिंतीपाशी आला, थांबला आणि दोन्ही हात भिंतीला टेकून वाकला. त्याच्या पाठीवर पाय ठेवून टोळीतले एकेक जण वर गेले, तो खालीच राहिला. मी क्लाइव्हबरोबर कुंपणाच्या कडेने रमतगमत येत होतो. पाण्याच्या टेबलाशी कोरल पेले भरत होती आणि तिच्या फोनवर या वेळी दोन आकडे होते, एकशे बारा आणि शहाण्णव. दोन्ही ज्याच्या त्याच्या नावाखाली होते.