तळ्याचा पहिला घोट

अजून आत

“पाय दाखव.”

“कालचेच आहेत, काका. रात्रीतून नवे फुटले नाहीत.”

“तोंड नको चालवू. टाच वर. हं. दुसरा.”

बाईने डोक्यावरची घागर तोलत एक पाय उचलला, मग दुसरा. जिमतेने घोट्यापासून बोटांपर्यंत नजर फिरवली आणि हातानेच ‘जा’ म्हटले. मागची मात्र पुढे आली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आधी तू दाखव. सकाळपासून डावा पाय बुडाखाली घेऊन बसलायस. अंडी उबवतोस की काय?”

बाया हसल्या. जिमतेही हसला, आणि हसता हसता त्याने पाय आणखी आत ओढून घेतला.

कोलो तळ्याच्या वाटेवरचा दगड आणि त्यावर बसलेला जिमते, हे दोन्ही मिळून गावाला एकच वस्तू वाटत. काम म्हटले तर काहीच नाही. येणाऱ्याचे पाय बघायचे. कुणाच्या पायाला फोड असेल तर त्याला पाण्यात उतरू द्यायचे नाही, मग तो हात जोडो, शिव्या देवो, नाहीतर रडो. रडतातच. नारूचा फोड निखाऱ्यासारखा जळतो आणि पाय पाण्यात घातला की गार वाटते. त्या गार वाटण्यातच सगळी मेख. पाय पाण्यात गेला की फोड फुटतो, आतली लांबलचक मादी पाण्यात पिल्ले सोडते, ती पाणकिड्यांच्या पोटात शिरतात, आणि ते पाणी न गाळता कुणी प्यायले की वर्षभराने त्याच्या पायाला फोड. नारूवर गोळी नाही, सुई नाही. असते ते एक गाळायचे फडके आणि एक राखणदार.

जिमतेने हे इतक्यांदा सांगितले होते की बाया पाणी भरताना त्याचा आवाज काढून म्हणत. म्हणेनात का. गावात कितीतरी वर्षांत नारू निघाला नव्हता. तळ्याच्या तोंडावर शिव्या खाणारा हा एक माणूस बसला होता म्हणून निघाला नव्हता.

आणि आज त्याच्याच घोट्यावर फोड होता.

मुंगी चावली असेल, असे त्याने पहाटे स्वतःला सांगून पाहिले. फोडवाला प्रत्येक जण त्याला हेच सांगायचा. त्याने कधी कुणाचे ऐकले नव्हते. पाणी हाकेच्या अंतरावर होते, वाऱ्याने हलत होते. पाय असा पेटला होता की दात आवळून बसावे लागत होते.

शेवटी तो उठला. “आत कुणी उतरू नका. काठावरूनच भरा. येतो मी.”

“कुठे चाललास? ऊन डोक्यावर आहे!”

गावाकडची वाट तळ्याच्या उथळ फाट्यातून जाते. सगळे त्या पाण्यातूनच ये-जा करतात. जिमते वळला आणि काटेरी झुडपांतून लांबच्या वाटेने लंगडत निघाला. दगड रिकामा झाला.


अजून आतच

“झाक,” बेलांगार म्हणाला.

“काय?”

“पाय. झाकून ठेव. मासेमारी होऊ दे, मग दाखव कुणाला दाखवायचा तो.”

बेलांगार हा पाण्याचा धनी. त्याच्या घराण्याने हाक दिल्याशिवाय कोलो तळ्यात जाळे पडत नाही. वर्षातून एकदा, पाणी आटत आले की तो हाक देतो, आणि सगळे गाव टोपल्या, जाळी, भाले घेऊन एकदमच आत उतरते. तो दिवस आठवड्यावर आला होता. बेलांगार अंगणात जाळे सांधत बसला होता.

“तोवर मी दगडावर बसू? हा पाय घेऊन?”

“बस की. तुला पाण्यात ये म्हणून कोण ओढतंय? हे बघ, नारूचं काम बघणाऱ्या त्या शहरातल्या रिमतोला कळलं तर तो औषध घेऊन येणार. तळ्यात औषध पडलं की बाया म्हणणार मासा बाटला. मासा वाळत घातला नाही तर पावसाळ्यात पोरं काय खातील? तुझं फडकं?”

“औषधाने मासा मरत नाही. किडे मरतात फक्त.”

“हे तू मला सांग, बायांना सांग, पाण्याखालच्या वाडवडिलांना कसं सांगणार?” बेलांगारने आवाज खाली आणला. “जिमते, आपण एका वर्षीचे. एकाच रानात दीक्षा घेतली, एकाच तुंब्यातून प्यायलो. मी तुझ्या वाईटाचं सांगतोय का?”

तुंब्याचे नाव निघाले तसे जिमतेने बेलांगारच्या पायाकडे पाहिले.

“तुझा पाय बरा आहे आता?”

जाळ्यातली सुई थांबली.

इथे गोष्ट एक वर्ष मागे न्यावी लागते, कारण नारू वर्ष मागे राहूनच चालतो.

गेल्या उन्हाळ्यात, मासेमारीच्या आधी, बेलांगार रोज तळ्याच्या मधल्या खोल जागी जाऊन पूर्वजांना विनवीत होता. एकटाच, कमरेएवढ्या पाण्यातून. पायाला चिंधी बांधलेली. लंगडत होता. दगडावरून जिमतेने विचारले, काय झाले? काटा, म्हणाला. सगळ्या गावाला ‘पाय दाखव’ म्हणणारा जिमते त्या एका माणसाला म्हणाला नाही. पाण्याच्या धन्याला पाण्यात जाण्याआधी पाय दाखव कसे म्हणायचे? त्यात तो एका रानातला.

मग मासेमारीचा दिवस. खोल जागी भरलेला पहिला तुंबा एरवी गावातल्या सर्वांत म्हाताऱ्याला मिळतो. गेल्या वर्षी बेलांगारने तो जिमतेपुढे धरला. “ज्याने पाणी राखलं, पहिला घोट त्याचा.” ढोल थांबले. सगळे गाव काठावर उभे. जिमतेच्या खांद्यावर गाळायचे फडके होतेच, ते कधी नसे? पण वाडवडिलांच्या पाण्यावर फडके धरायचे म्हणजे ते घाण आहेत असे चारचौघांत म्हणायचे. शिवाय आयुष्यात कुणी त्याच्यासाठी ढोल थांबवले नव्हते.

तो प्यायला. पाणी गोड लागले होते, हे त्याला अजून आठवत होते.

“काटाच होता,” बेलांगार म्हणाला आणि सुई पुन्हा चालू लागली.


एक पेर

निरोप जिमतेनेच पाठवला. रिमतो दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर आला. तोवर फोड फुटला होता आणि मधून पांढऱ्या दोऱ्यासारखे टोक दिसत होते. रिमतोने ते ओल्या कापसात धरून काडीला गुंडाळले, एक पेरभर बाहेर काढले आणि काडी पायालाच पट्टीने बांधली. रोज थोडे थोडे काढायचे. ओढायचे नाही. तुटला तर आतला भाग सडतो. हे जिमतेला सांगायची गरज नव्हती. पूर्वी त्यानेच गावातल्या कितीतरी पायांवर काड्या फिरवल्या होत्या.

“तुला?” रिमतो म्हणाला. “जिमते, सगळं सोडून तुला?”

अंगणात जिमतेचा कुत्रा साखळीला बांधलेला होता. माशांची आतडी खाऊन कुत्र्यांनाही नारू होतो, म्हणून या दिवसांत कुत्री बांधायची, हा जिमतेचाच नियम. कुत्र्याचे नाव होते तोंडावर-बोल. शेजाऱ्याला जे थेट म्हणता येत नाही ते इथे कुत्र्याच्या नावात घालतात आणि मोठ्याने हाक मारतात. जिमतेच्या बायकोने शेजारणीसाठी ठेवलेले नाव. शेजारीण मेली, बायको मेली, कुत्रा राहिला.

जिमतेने रिमतोला सगळे सांगितले. चिंधी, तुंबा, घोट. त्याची मुलगी नेलेम चुलीपाशी ज्वारीचे पीठ घोटत होती. ती नवऱ्याच्या मागे माहेरी परतलेली. तिचा हात थांबला.

रिमतोने चष्मा काढून शर्टाला पुसला. बराच वेळ पुसला.

“हे आणखी कुणाला बोललास?”

“तुलाच.”

“मग माझ्याशीच राहू दे. अरे, ऐकून घे. तळ्यात औषध टाकायला मला कुणाचा होकार लागतो? सरकारचा? बेलांगारचा. तो नाही म्हणाला तर इथला एक माणूस मला होडी देणार नाही. आता त्याला सांगू, की बाबा, तुझ्याच पायाने पाणी नासलं? देईल होकार?”

“मग गावाला काय सांगणार?”

“की राखणदार न गाळता प्यायला. खोटं आहे का? प्यायलास ना?”

“प्यायलो.”

“मग!”

नेलेम पळीसकट उठून आली. “वा, साहेब! चोर पाटावर आणि राखणदार खड्ड्यात!”

“पोरी, तुला तळं साफ हवंय की बापाचं नाव?”

“दोन्ही. एवढं काही महाग मागितलं नाही मी.”

जिमते कुत्र्याकडे बघत होता. मग म्हणाला, “औषध नक्की टाकशील?”

“त्यासाठीच चाललंय हे सगळं.”

“सगळ्या तळ्यात? मधल्या खोलातसुद्धा?”

“सगळ्या.”

“तर मग सांग.”


एक वीत

काडीवर वीतभर गुंडाळी जमली तेव्हा चिंचेखाली गाव जमले. जिमते पुढच्या चटईवर, पाय लांब करून. मासेमारी पुढे ढकलली होती आणि त्याचा राग लोकांच्या खांद्यांतूनही दिसत होता.

“आम्हाला वर्षानुवर्षं टाचा वर करायला लावल्या,” अंडी उबवतोस का विचारणारी बाई म्हणाली, “आणि स्वतः घटाघटा!”

“त्या दगडावर बसून दुसरं काय करणार? तहान लागली असेल बिचाऱ्याला.”

हशा. जिमते खाली बघत राहिला. हे ठरले होते.

रिमतो उभा राहिला. राखणदार न गाळता तळ्याचे पाणी प्यायला, म्हणाला. हेही ठरले होते. मग, लोकांना पटते आहे असे दिसल्यावर, त्याने आणखी थोडे घातले. राखणदाराचे वय झाले आहे, तो बसल्या जागी झोपतो, असे कानावर आले आहे. आता नवा माणूस नेमू.

हे ठरले नव्हते. औषध, जिमते मनात म्हणाला. सगळ्या तळ्यात.

मग बेलांगार उठला. दोन्ही पायांवर ताठ, पायात नवे जोडे.

“चुकतो माणूस,” तो म्हणाला. आवाज भरून आला होता. खोटा वाटत नव्हता, हे सगळ्यांत वाईट. “जिमते माझ्या रानातला आहे. मी पाण्याचा धनी म्हणून सांगतो, पूर्वजांच्या वतीने सांगतो. आम्ही त्याला माफ केलं.”

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळी वाजवली.

माफी मात्र जिमतेला सोसवली नाही. पायाला काडी बांधली आहे हे विसरून तो झटक्याने उठला, चटईच्या काठात काडी अडकली, आणि त्याने तोंड उघडले, “बेलांगार, तुझ्या पा




तुटला.

आत राहिलेला नारू सडला. पाय मांडीपर्यंत सुजला. जिमते तापात पडून होता. रिमतोने सुया टोचल्या, पू काढला, आणि जाताना डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाला, “औषध टाकलं बरं का.”

कसे टाकले ते नेलेमने सांगितले. होडी काठाकाठाने फिरली, उथळ फाट्यात गेली. मधल्या खोल जागेकडे वळली तेव्हा काठावरून बेलांगारने हात वर केला. तिथे वाडवडील राहतात. तिथे नाही. रिमतो थोडा वेळ हातात डबा धरून उभा राहिला, मग त्याने होडी वळवली.

“काही बोलला नाही?”

“बोलला ना. ‘बाकीकडे तर पडलं’, म्हणाला. स्वतःशीच.”

जिमतेने भिंतीकडे तोंड केले.

मासेमारी अखेर झाली. त्या सकाळी सगळे गाव त्याच्या दारावरून गेले. टोपल्या, जाळी, हसणे. कुणी आत डोकावले नाही. ओवाळून टाकल्यासारखे घर सोडून वाट पुढे जात होती. सर्वांच्या पुढे बेलांगार होता आणि त्याच्या शेजारी त्याचा भाचा तोगबे, नवा राखणदार. नेलेम दारात आली, कमरेवर हात ठेवले आणि कुत्र्याला हाक मारली.

“तोंडावर-बोल! ए तोंडावर-बोल!”

कुत्रा साखळी ताणून भुंकला. बेलांगारने मान वळवली नाही.

“नेलेम,” जिमतेने आतून बोलावले. खांद्यावरचे फडके त्याने चार घड्या घालून तयार ठेवले होते. “हे तोगबेला दे. सांग, तुंबा हातात आला की तोंडावर हे धर, मग पी. लोक हसतील. हसू देत.”

“तू धरलं होतंस का?”

“म्हणून तर.”

तिने फडके डोक्याच्या रुमालात खोचले आणि टोपली घेऊन गेली.

जिमते चटईवर पडून ऐकत राहिला. ढोल चालू होते. मग थांबले. त्या शांततेत काय चालले आहे ते त्याला डोळे मिटूनही दिसत होते: तुंबा वर, मान मागे, घशाची हालचाल. फडके आहे की नाही, तेवढे मात्र आवाजावरून कळत नाही. मग आरोळी उठली आणि सगळे गाव पाण्यात पडल्याचा धबाबा आवाज आला.

नेलेम उन्हे कलल्यावर आली. टोपलीत मासे, अंगावर चिखल, छातीपर्यंत ओली.

“पाय दाखव,” जिमते म्हणाला.

टोपली खाली ठेवून तिने टाच वर केली. मग दुसरी. त्याने नीट बघितले आणि हाताने ‘हं’ केले.

“तुंबा कुठून भरला?”

“मधूनच. खोलातून.”

“आणि फडकं?”

“दिलं मी. मामाकडे बघितलं त्याने. मग खांद्यावर टाकलं.” ती माशांची आतडी काढायला बसली. आतडी कुत्र्यापासून दूर, खड्ड्यात टाकू लागली. “प्यायल्यावर परत दिलं. चांगलं आहे कापड, म्हणाला.”

तिने ओला हात झाडून रुमालातून फडके काढले आणि बापाच्या हातात दिले. तिच्या अंगावर तेवढे एकच कोरडे होते. चारही घड्या तशाच होत्या.