सगळ्या गावाला पाठ असलेला पत्ता

मित्रांनो, धक्क्याला बांधलेली ही लांब, काळी, गंजाचे डाग पडलेली वस्तू म्हणजे मी, अमेरिकेच्या नौदलातली एक जुनी पाणबुडी. मी अणुऊर्जेवर चालते, म्हणून लोकांना वाटतं माझ्या पोटात अणुबॉम्ब आहेत. तसं नाही. माझ्याकडे टॉर्पेडो होते आणि त्याहून महत्त्वाचे, तिखट कान होते. परक्या पाणबुड्यांच्या मागे आवाज न करता जायचं, आपल्या विमानवाहू जहाजांची वाट राखायची, हे माझं काम. मी कुठे आहे हे कुणालाच कळत नसे. असायची एकाच जागी, पण समोरच्याला मला दहा ठिकाणी शोधावं लागे. तीच माझी खरी ताकद.

मग मोठ्या दुरुस्तीची वेळ आली, आणि गोदीत जागाच नव्हती. दुरुस्तीशिवाय पाण्याखाली जायची परवानगी नाही. नव्या पाणबुड्यांवर भाषणं होतात, जुन्यांसाठी वेल्डर मिळत नाहीत. माझ्या पाठीवर सीगल बसतात. फेरीबोटीतली मुलं बोट दाखवतात. लपणं हाच जिचा धंदा, तिचा पत्ता सगळ्या गावाला पाठ झाला आहे!

माझी काळजी एकच मुलगी घेई, गोदीतली इंजिनीअर प्रीता. एका रविवारी तिचे वडील शैलेंद्र न्यू यॉर्कजवळच्या एडिसन गावाहून मला बघायला आले.

"बाबा, हीच माझी बोट."

"बरी आहे. पण चालते कधी?"

"नेक्स्ट मंथ डॉक मिळतोय. मग सी ट्रायल. पहिल्या डाइव्हला मी आत असणार, प्रॉमिस केलंय मला."

"गेल्या दिवाळीतही नेक्स्ट मंथच होता. आमची न्यू यॉर्कची ट्रेनसुद्धा एवढी लेट नसते गं."

"बाबा, स्टॉप इट!" ती हसली, पण मान वळवून.

त्याच आठवड्यात मोहिमेवर निघालेल्या दुसऱ्या पाणबुडीचा पंप बिघडला. नवा यायला फार वेळ लागणार होता. अशा वेळी आमच्याकडे रीत ठरलेली आहे: जी रांगेत उभी आहे, तिच्यातून काढायचं.

"पंप नसेल तर हिला डॉकमध्ये घेणार कसं? हिचा टर्न जाईल," प्रीता गोदीतल्या साहेबांना म्हणाली.

"जाईल," साहेब म्हणाले. "पण ती उद्या निघायलाच हवी."

त्यांचंही चूक नव्हतं, म्हणून तर राग काढायला जागा उरली नाही. प्रीतानं स्वतःच्या हातांनी पंप सोडवला. शेवटचा बोल्ट निघाल्यावर माझ्या भिंतीवर हात ठेवून पुटपुटली, "सॉरी यार." डॉकमधली माझी जागा रांगेतल्या पुढच्या पाणबुडीला मिळाली.

मित्रांनो, नवी वस्तू जरूर बनवा. पण ती दुरुस्त कुठे होणार, कोण करणार, हे आधी ठरवा. वाट पाहणाऱ्याला सुट्या भागांचं कपाट समजू नका.

माझा पंप आता कुठल्यातरी समुद्रात, खोल पाण्याखाली चालू आहे. नेमका कुठे, ते मला माहीत नाही. म्हणजे ती पाणबुडी आपलं काम चोख करते आहे. मी कुठे आहे, ते कुठल्याही सीगलला विचारा.