फरक फक्त दिखाव्याचा

“माझ्या सख्ख्या भावाला मी हात जोडून सांगितलं होतं, टॉप मॉडेल घे म्हणून,” सेल्समन म्हणाला आणि थांबला.

इथे थांबायचं, हे त्याला मॅनेजरने शिकवलं होतं. समोरच्या नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

“नाही ऐकलं. बेस घेतलं. बेसला पुढच्या दोनच एअरबॅग. आणि ट्रक आला बाजूने.”

बायकोने तोंडावर हात ठेवला. टॉप मॉडेल ठरलं.

एकोणीस वर्षं तो या शोरूममध्ये एकाच गाडीच्या तीन मॉडेलांतला फरक सांगत होता. बेसमध्ये बटणांच्या जागी काळी झाकणं, मिडमध्ये निम्मी बटणं, टॉपमध्ये सगळी आणि वर छताला काच. सगळं तोंडपाठ, पण बोलण्यात जीव नव्हता. भावाचे दिवस करून रजेवरून परतला त्या दिवशी मॅनेजर म्हणाला होता, “वाईट झालं रे. पण गिऱ्हाइकांना सांग ना हे. लोकांचं भलंच होईल.” पहिल्यांदा सांगताना त्याला रडू फुटलं होतं. आता फुटत नसे, आणि गिऱ्हाईक न चुकता टॉप घेत असे.

खरी गोष्ट निराळी होती. आवारात एक पांढरं बेस मॉडेल तीन महिने धूळ खात पडलं होतं आणि मॅनेजर त्याच्या मानगुटीवर बसला होता. नेमके तेव्हाच दादा-वहिनी आले. दादाने माहितीपत्रक उघडलंसुद्धा नाही.

“धाकट्या, तू सांगशील ती गाडी.”

“बेसच घे. फरक फक्त दिखाव्याचा.”

आजचे ते नवरा-बायको उठून गेले तेव्हा मागच्या सोफ्यावर वहिनी दिसली. कधीची बसली होती कोण जाणे. त्याने हातातलं माहितीपत्रक मिटलं.

मॅनेजर लगबगीने पाणी घेऊन आला. तो तिला ओळखत नव्हता. “मॅडम, घ्यायचं तर टॉपच घ्या. यांच्या भावाचं काय झालं—”

“ऐकलं मी,” वहिनी म्हणाली.

ती समोर येऊन बसली, दादाबरोबर आली तेव्हा बसली होती त्याच खुर्चीत. तिने चारचौघांत थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“भाऊजी, पोरीला नोकरी लागलीय. गाडी बघायला आले. त्या दिवशी तुम्ही हा कागद उघडला नव्हता. आज उघडा. काय काय फरक असतो?”

मॅनेजरने मागून खूण केली, चालू दे.

त्याने माहितीपत्रक उघडून बेसच्या रकान्यावर बोट ठेवलं. “एअरबॅग, दोन.”

“कुठल्या?”

“पुढच्या.”

“आणि बाजूच्या?”

त्या चौकटीत नुसती आडवी रेघ होती. त्याचं बोट तिथून हलेना.

“मोठ्याने वाचा, भाऊजी.”

“नाहीत.”

“पुढे?”

पुढची ओळ सीटच्या कापडाची होती. त्याने तीही वाचली.